गणपतीला त्याला घेऊनच जा

पनवेलहून एका आईने लिहिलं आहे : “माझा साडेसहा वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. थोडंच बोलतो, वस्तू एका ओळीत मांडत बसतो. गेल्या वर्षी गावी आरतीत झांजा वाजल्या आणि तो किंचाळत जमिनीवर डोकं आपटू लागला. ‘लाडावून ठेवलंय’, ‘चार दिवस माझ्याकडे सोड, सरळ करते’ असं बरंच ऐकून घेतलं. यंदा सासूबाई म्हणतात, तू त्याला घेऊन पनवेललाच थांब. नवरा गप्प आहे. काय करू?”

ताई, जा. त्याला घेऊनच जा. ते घर त्याच्या चुलत भावंडांचं आहे तेवढंच त्याचं आहे.

त्या दिवशी त्याने हट्ट केला नव्हता. हट्टी मूल हवं ते मिळालं की थांबतं. तुमच्या मुलाला काही मिळवायचंच नव्हतं. झांजा, टाळ्या, एवढ्या माणसांचा एकदम चढलेला सूर, धूप-कापराचा वास, कदाचित टोचणारा नवा कुर्ताही. हे सगळं एकाच वेळी अंगावर आलं आणि त्याला पेलवलं नाही. अशा वेळी दटावलं की आवाजात भरच पडते. कमी बोला, गर्दीतून बाहेर न्या, डोक्याखाली उशी सरकवा आणि तो निवळेपर्यंत जवळ थांबा.

तयारी आतापासून करा. गावचं घर, माजघर, झोपायची जागा, आजी, काका यांचे फोटो मागवून घ्या. प्रवास, घर, गणपती, जेवण, झोप अशा क्रमाने ते कागदावर चिकटवा आणि रोज दाखवा. पुढे काय होणार हे डोळ्यांना दिसलं की या मुलांची धास्ती पुष्कळ कमी होते. कानावरच्या हेडफोनची सवय घरीच लावा. त्याचं नेहमीचं पांघरूण आणि ताटली सोबत घ्या. मोदक नको म्हणाला तर वरणभात द्या, आग्रह कोणीच करू नये. आरतीच्या वेळी एकाने त्याला घेऊन मागच्या अंगणात बसावं. आणि एक फार महत्त्वाचं : अशी काही मुलं न सांगता निघून जातात, पाण्याकडेही ओढली जातात. घराजवळ विहीर असेल तर त्याच्यावर कोणी कधी लक्ष ठेवायचं हे आधीच ठरवा, आणि त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

ओळी मांडायला आवडतात ना? मग दुर्वा त्याच्याकडे द्या. एकवीस-एकवीस मोजून ठेवू दे. आजीही शेजारी बसू देत.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकला तो नवऱ्याचा गप्पपणा. सासूबाईंशी हे तुम्ही बोलायचं नाही, त्यांच्या मुलाने बोलायचं, आणि निघण्याआधी. “आई, तो जन्मापासूनच असा आहे. आवाज त्याला वेगळे जाणवतात. लाडाने झालेलं नाही, तुझ्या सुनेमुळेही नाही.” एके काळी डॉक्टरसुद्धा आईच्या कोरडेपणाला दोष देत, ते चूक ठरूनही कित्येक वर्षं झाली.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर परतल्यावर काढा. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

पहिल्या खेपेला दीड दिवसच राहा. त्याला जमेनासं झालं तर गौरींसाठी थांबू नका, तिघंही एकत्र परत या.