वॉटर पार्कमधल्या राइड्स पार्कवाले स्वतः बांधतात की बाहेरच्या ठेकेदारांकडून करून घेतात? करून घेताना काय सांभाळावं लागतं?

बहुतेक पार्क बाहेरून करून घेतात. कोचीत स्वतःच्या राइड्स बनवणाऱ्या वंडरलासारखे अपवाद थोडे. पण 'बाहेरून' म्हणजे एकच ठेकेदार नसतो. स्लाइड पुरवणारा वेगळा (कॅनडाच्या व्हाइटवॉटर, प्रोस्लाइड, तुर्कस्तानची पोलिन किंवा देशी कारखाने), सिव्हिलचा स्थानिक ठेकेदार वेगळा आणि पंप-पाइपिंग-फिल्टरवाला तिसरा. तिघं आपापलं काम नीट करतात, तरी एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे घोटाळा होतो. करारात सगळ्यात जास्त शब्द तिथे खर्च करा.

पहिली जागा फाउंडेशन बोल्टची, म्हणजे खांब पायाला धरून ठेवणाऱ्या बोल्टची. स्लाइडवाला लोड आणि बोल्ट प्लॅन देतो, सिव्हिलवाला काँक्रीट ओततो आणि काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर लागला की बोल्ट हलतात. स्लाइडचे फायबरचे सेगमेंट (तुकडे) साच्यातून ठरलेल्या वळणाचेच येतात. खांब 20 मिमी सरकला तर स्लाइड त्याच्यासाठी वाकत नाही. मग साइटवर गॅस कटरने बेस प्लेटची (खांबाच्या तळाच्या लोखंडी पाटाची) भोकं मोठी करतात. तिथलं गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) जळतं आणि क्लोरीनच्या दमट हवेत गंज धरतो. उपाय साधा आहे: बोल्ट लोखंडी टेम्प्लेटमध्ये घट्ट धरून काँक्रीट करा, टोटल स्टेशनने (सर्वेक्षणाच्या मोजणी यंत्राने) मोजणी घ्या आणि त्या कागदावर दोन्ही ठेकेदारांच्या सह्या झाल्याशिवाय खांब उभा करू देऊ नका.

सेगमेंटच्या जोडात खालचा तुकडा वरच्यापेक्षा किंचित खाली असला तर चालतो, वर आलेला अजिबात नको. माणूस वेगाने येतो आणि त्या कडेवर टाच, कोपर, पाठ सोलते. उताराच्या दिशेने तळहात फिरवत एकूण एक जोड तपासा. बोटाला कड लागली तर सिलंट भरून ती झाकू देऊ नका. बोल्ट सैल करून जोड पुन्हा बसवायला लावा.

पाण्याचा हिशेब मात्र कुणीच आपला मानत नाही. समजा पंप ताशी 600 घनमीटरचा आहे, म्हणजे मिनिटाला 10 घनमीटर. पाणी वरून खाली यायला अर्धा मिनिट लागत असेल तर 5 घनमीटर कायम स्लाइडवर असतं. 100 चौरस मीटरच्या स्प्लॅश पूलची पातळी पंप सुरू होताच 5 सेंटीमीटर उतरते, बंद केला की तेवढीच चढते. रिकामा पाइप भरायला लागणारं पाणी आणखी वेगळं. हे कमी-जास्त होणारं पाणी सांभाळणारा बॅलन्सिंग टँक लहान पडला तर सकाळी पंप हवा ओढतो, संध्याकाळी पूल ओसंडतो. टँकचं माप ठरवणं एकाच्याच नावावर लेखी टाका.

चाचणी आधी वाळूच्या पोत्यांनी, नंतर प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी, परवानगीतल्या सर्वात हलक्या आणि सर्वात जड वजनाने करायची. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतली 'वेरुक्ट' राइड पार्कने स्वतःच डिझाइन केली होती. 2014 मध्ये ती सुरू झाली आणि 2016 मध्ये तिच्यावर दहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. उद्घाटनाच्या तारखेसाठी चाचणी उरकू नका. शेवटचे 10 टक्के बिल चाचणी पूर्ण होईपर्यंत थांबवा. पाण्याचा प्रवाह पक्का ठरला की व्हॉल्व्हच्या दांड्यावर खूण करून त्याला कुलूप घाला आणि जेलकोटचा (फायबरवरच्या गुळगुळीत थराचा) दुरुस्ती संच, सुटे बोल्ट, झाल्यानंतरची ड्रॉइंग्ज हातात आल्यावरच ताबा घ्या.