पहिली साइट? होस्टिंग घेताना एवढं बघा

आधी एक विचारतो: साइटवर नुसते लेख आणि फोटोच असणार ना? मग होस्टिंगला, म्हणजे साइट ठेवायच्या इंटरनेटवरच्या जागेला, पैसे भरायची घाई नको. साध्या एचटीएमएल पानांसाठी गिटहब पेजेस ही साइट ठेवायची सेवा फुकट आहे. प्रकाशित साइटला १ जीबीची मर्यादा आहे, पण वैयक्तिक साइटला तेवढी जागा सहज पुरते.

वर्डप्रेसच (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) हवं असेल तर साधं शेअर्ड होस्टिंग घ्या, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स. व्हीपीएस (सर्व्हरचा स्वतंत्र वाटा) वगैरे सध्या विसरा.

नवखे हमखास फसतात ते किमतीत. जाहिरातीतला दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी शोधा. बारीक अक्षरांत असतो, पण असतो! सवलतीच्या मोहात तीन वर्षांचे पैसे एकदम भरू नका. मी भरले होते. सहा महिन्यांत सर्व्हर रडायला लागला आणि मीही.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, शक्यतो वेगळ्या ठिकाणी, स्वतःच्या नावावर नोंदवा. होस्ट (होस्टिंग कंपनी) बदलायची वेळ आली की नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या होस्टकडे न्यायचं ते सांगणारी नोंद) बदलले, काम झालं.

आणखी दोन गोष्टी:
- एसएसएल (पत्त्यात https आणणारं सुरक्षा प्रमाणपत्र) फुकट मिळायला हवं. ते फुकट देणारी लेट्स एन्क्रिप्ट संस्था असताना त्याचे वेगळे पैसे कशाला?
- होस्ट बॅकअप घेत असला तरी एक प्रत स्वतःकडे ठेवा.

'अनलिमिटेड' शब्दाला भुलू नका. अटींमध्ये फाइलसंख्येची मर्यादा सापडतेच बहुतेक वेळा.