बर्फ कसा, त्यावर बूट कसे

पावसाळी ट्रेक संपले की सातारा-सांगलीकडच्या वाचकांची पत्रं हिमालयाकडे वळतात. या वेळची बरीचशी पत्रं पायांविषयी आहेत. त्यातली सहा इथे घेतली आहेत.

डिसेंबरअखेर केदारकंठाला जातोय. गटातला एकजण म्हणतो, स्नोशू घेतल्याशिवाय जाऊ नका. किमती बघून छातीच दडपली. घ्यावेत का? (कराड)

नका घेऊ. केदारकंठा (सुमारे 12,500 फूट) हा उत्तराखंडातल्या सांकरी गावाहून जाणारा वर्दळीचा ट्रेक आहे. सुट्ट्यांच्या दिवसांत ती वाट इतकी तुडवली जाते की बर्फ दबून घट्ट होतो. अशा बर्फात पाय रुतत नाही, घसरतो. रुतणं थांबवायला स्नोशू (वजन पसरवणारी, बुटाखाली बांधायची रुंद फ्रेम), घसरणं थांबवायला मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे दात). तुमच्या मित्राने औषध चांगलंच सांगितलं, पण दुसऱ्याच आजाराचं.

तरीही एकाच दिवसात तुम्हाला तीन तऱ्हेचा बर्फ भेटेल. माथ्याची चढाई अंधारात सुरू होते, तेव्हा आदल्या दुपारी वितळलेलं पाणी रात्रीत गोठून वाट काचेसारखी झालेली असते. सकाळी ऊन लागल्यावर तासा-दोन तासांत वरचा थर सैल होतो. ही चालायला सर्वांत चांगली वेळ. उतरताना, दहा-अकरानंतर, बर्फ पाणीदार आणि जड होतो. वाट सोडून बाजूला पाऊल पडलं की मांडीपर्यंत आत. म्हणजे एका फेरीला लागतात घोटा झाकणारे वॉटरप्रूफ बूट, गुडघ्याखालपर्यंतचे गेटर (बर्फ बुटात शिरू न देणारी आवरणं) आणि मायक्रोस्पाइक्स. गेटर आणि स्पाइक्स बहुतेक आयोजक पुरवतात किंवा भाड्याने देतात. आधी विचारा, मगच खरेदीला निघा.

मायक्रोस्पाइक्स म्हणजे जाड रबरी पट्टा, त्याला साखळ्या आणि साखळ्यांना साधारण एक सेंटीमीटरचे पोलादी दात. बुटाचा पुढचा भाग आधी पट्ट्यात घालायचा, मग मागची रबरी जीभ धरून टाचेवर ओढायची आणि दातांची पट्टी चवड्याखाली मधोमध आली का ते बघायचं. माप पायाचं नाही, बुटाचं द्यायचं. आठ नंबरचा ट्रेकिंग बूट आठ नंबरच्या कॅनव्हास बुटापेक्षा बराच गुबगुबीत असतो. पट्टा सैल राहिला तर आडव्या चालीत तो बाजूला फिरतो, दात वर येतात आणि माणूस खाली जातो. दुपारच्या ओल्या बर्फात दातांमध्ये गोळे चिकटतात. मग तुम्ही दातांवर नाही, गोळ्यांवर चालत असता. दर काही पावलांनी काठीने बुटाच्या कडेवर टोला द्यायचा, गोळा पडतो. उघडा खडक लागला की स्पाइक्स काढायचे. साखळीची कडी उघडते ती बहुधा दगडावरच.

साधारण 25-30 अंशांहून खड्या, कडक बर्फाच्या उतारावर मात्र मायक्रोस्पाइक्स अपुरे पडतात. तिथे बुटाला बांधायचे, धातूच्या दहा-बारा लांब दातांचे क्रॅम्पॉन, ताठ सोलचे बूट आणि आइस ॲक्स लागते. ते उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी रीतसर शिकूनच वापरायचं. मऊ सोलच्या बुटावर क्रॅम्पॉन बांधला तर बूट वाकतो, क्रॅम्पॉन वाकत नाही, आणि तो ऐन पावलाला निसटतो.

फेब्रुवारीत आम्ही दोघं गुलमर्गला जाणार आहोत. तिथे स्नोशू भाड्याने मिळतात असं ऐकलंय. माझं वजन 78 किलो, पत्नीचं 54. कोणतं माप मागायचं? घालायचे कसे? (सांगली)

इथे स्नोशू खऱ्या अर्थाने कामाचे. गुलमर्गच्या पठारावर आणि देवदार-पाइनच्या रानात वाट सोडली की मऊ, खोल बर्फ असतो.

माप उंचीवरून नाही, एकूण वजनावरून ठरतं. त्यात सॅक, जॅकेट, बूट, पाणी सगळं आलं. तुमचे 78, सॅक सात-आठ, कपडे-बूट चारेक किलो: झाले 90. उत्पादकांचे आकडे थोडे वेगवेगळे असतात, पण ढोबळमानाने 22 इंची जोड 80 किलोपर्यंत, 25 इंची 100 पर्यंत आणि 30 इंची त्यापुढे. म्हणजे तुम्हाला 25, पत्नीला 22. आदल्या रात्री ताजा, कोरडा बर्फ पडला असेल तर तुम्ही एक माप वर जा. बर्फ दबलेला असेल तर मोठ्या मापाचा हट्ट नको. लांब स्नोशू वळताना एकमेकांवर पडतात. पत्नीसाठी अरुंद जोड मागा. रुंद फ्रेममध्ये पाय फाकवून चालावं लागतं आणि संध्याकाळी जांघा भरून येतात.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. बुटाचा तळ साधारण 250 चौरस सेंटीमीटरचा. 25 इंची स्नोशूचा 1,100 च्या आसपास. वजन तेच, पण दाब चौपटीने कमी. तरी स्नोशू घातल्यावर बर्फावर तरंगत जाऊ अशी अपेक्षा ठेवू नका. ताज्या बर्फात वीतभर पाय जातोच, फक्त मांडीपर्यंत जात नाही.

भाड्याचा जोड हातात आल्यावर तीन गोष्टी बघा. बुटाच्या चवड्याखाली जिथे स्नोशू फिरतो ती कडी डुगडुगत नाही ना, पट्ट्यांची रबरं चिरलेली नाहीत ना, आणि चवड्याखालचे दात शाबूत आहेत ना. घालताना चवडा बरोबर त्या फिरत्या कडीवर आला पाहिजे. बूट फार पुढे गेला तर बोटं फ्रेमला आपटतात. मागे राहिला तर टाच उचलताना पुढचं टोक बर्फात खुपसतं. आधी पुढचे पट्टे आवळा, मग टाचेचा. बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर दुसऱ्या पायात अडकतं. टाच मोकळी उचलली जाणं हा दोष नाही, रचनाच तशी आहे.

चढण तीव्र झाली की टाचेखालची तारेची कमान उभी करा. पोटऱ्यांवरचा ताण लगेच उतरतो. सपाटीवर ती पाडायला विसरू नका. उतरताना गुडघे किंचित वाकवून वजन टाचेवर ठेवायचं. मागे पाऊल टाकायचं नाही. शेपटी बर्फात रुतते आणि माणूस पाठीवर पडतो. वळायचं तर अर्धवर्तुळात चालत वळा. काठ्यांना खाली मोठी चकती हवी, छोटी असेल तर काठी मुठीपर्यंत आत जाते.

एक गोष्ट निक्षून: गोंडोलाने (केबल कारने) वर जाऊन अफरवत शिखराच्या उतारांवर स्वतःच्या मनाने स्नोशू घालून फिरू नका. 30 ते 45 अंशांचे उतार हिमस्खलनाचे. स्नोशूमुळे तिथपर्यंत पोचणं सोपं होतं, तोच धोका. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते आणि स्थानिक गाइडचा शब्द, दोन्ही ऐका.

वडील लष्करातून निवृत्त झाले. त्यांचे आणि माझे स्वतःचे सहा-सात वर्षांपूर्वीचे ट्रेकिंग बूट माळ्यावर आहेत. पॉलिश करून नेले तर चालेल? (सातारा)

वडिलांच्या बुटांचा मान राखून, नाही. साधा लष्करी बूट परेडला आणि कोरड्या रस्त्याला उत्तम. बर्फात त्याचं चामडं पाणी पितं, आत ऊब धरणारा थर नसतो आणि थंडीत सोल टणक होऊन पकड सुटते. उंच बर्फाळ भागात जवानांना दिले जाणारे बूट वेगळे असतात.

तुमच्या स्वतःच्या बुटांची काळजी जास्त वाटते. पुष्कळ ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात वरच्या आणि खालच्या सोलच्या मध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. दमट हवेत हा थर न वापरताही सडतो, उलट न वापरल्यानेच लवकर सडतो. बूट वरून नवाकोरा दिसतो आणि ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी अख्खा सोल सुटून मागे पडतो. महाबळेश्वर-बामणोलीच्या पावसापासून साताऱ्याची हवा काही फार लांब नाही. तपासायची रीत: त्या मधल्या थरात अंगठ्याचं नख जोरात दाबा. भेगा पडल्या, चुरा निघाला किंवा खूण तशीच राहिली, तर बूट बाद. नाहीच काही झालं, तर यवतेश्वर घाटाने कासच्या रस्त्याला 15-20 किलोमीटर चाला, मग ठरवा. सोल सुटायचाच असेल तर साताऱ्यात सुटू दे. आणि बर्फात जाताना सॅकमध्ये रुंद चिकटपट्टी (चार-पाच मीटर लांब) आणि पातळ दोरी असू द्या.

माझे पाय नेहमी गार पडतात. दोन-तीन जोड मोजे घातले तर पुरेल ना? (मिरज)

बहुतेकांचे पाय याच उपायाने गार पडतात. बुटात जागा तेवढीच. मोजे वाढले की पाय आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही. शिवाय ऊब देते ती मोज्यांमध्ये अडकलेली हवा, आणि दाबल्यावर हवा राहतेच कुठे?

एक पातळ सिंथेटिक मोजा, त्यावर एक जाड लोकरीचा, बस. सुती मोजा अजिबात नको. घाम धरून ठेवतो. बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि हेच दोन मोजे घालून बघा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाडी बांधून दुकानातल्या उतरत्या फळीवर किंवा पायरीवर बोटं खाली करून उभे राहा. अंगठा टोकाला लागला तर तो नंबर सोडा, नाहीतर उतरणीवर नख काळं होणार.

कॅम्पवर पोचल्या पोचल्या मोजे बदला. झोपायचा जोड वेगळा, कोरडा आणि सैल. बूट तंबूबाहेर ठेवलेत तर सकाळी दगड झालेले मिळतील. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी घ्या. शेकोटीजवळ मात्र नाही. गोंद सुटतो, चामडं तडकतं.

बोट बधिर होऊन पांढरं, मेणासारखं दिसू लागलं तर ते हिमदंशाचं लक्षण. चोळायचं नाही, शेकायचं नाही. पुन्हा गोठणार नाही अशा जागी पोचल्यावरच 37 ते 39 अंश सेल्सियस कोमट पाण्यात पाय ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

चादर ट्रेकला गमबूट घालतात हे खरं का? (वाई)

खरं. ही वाट लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरून जाते. त्या थरावर कधी कधी पाणी चढतं आणि त्यातून चालावं लागतं. तिथे महागडा वॉटरप्रूफ बूटही वरून भरतो. गमबूट एक-दोन नंबर मोठा, आत जाड मोजा आणि लोकरी इनसोल. नितळ बर्फावर त्यावरूनच मायक्रोस्पाइक्स चढवायचे, म्हणून स्पाइक्सचं माप गमबुटावरच घ्या. आपल्याकडे रानात घालतात तो पातळ गमबूट नको, थंडीत तो तडकतो.

आमच्याकडे बर्फ कुठला? सराव कसा करायचा? (तासगाव)

पायाला बूट सवयीचा करणं, हाच निम्मा सराव. दंडोबाचा डोंगर किंवा सागरेश्वर जवळ आहे. नवे बूट, ट्रेकचे मोजे आणि भरलेली सॅक घेऊन किमान 30-40 किलोमीटर चाला, त्यात उतार भरपूर असू द्या. टाच घासते की बोटं आपटतात ते चढणीपेक्षा उतारावर लवकर कळतं. टाच उचलली जात असेल तर घोट्याजवळच्या शेवटच्या दोन हुकांमध्ये नाडीला एकाऐवजी दोन पीळ द्या.

मायक्रोस्पाइक्स मात्र आपल्या काळ्या खडकावर घालून बघू नका, दात बोथट होतात. त्यांचा सराव घरीच, जाड हातमोजे घालून आणि दिवा बंद करून. दोन्ही पायांत चढवायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल, तर अजून थोडं करा.