आई पाटल्या मोड म्हणते, मामा नको म्हणतो. काय करू?

प्रश्न असा आहे: वाळूजला कंपनीत आहे, पगार 24,000. गावातल्या एकाकडून शेकडा तीननं 60,000 घेतलेत, वर्षभर नुसतं व्याज भरतोय. बँकेत 14 महिन्यांपासून 2,000 ची आरडी चालू आहे. आई म्हणते, माझ्या पाटल्या मोड आणि फेडून टाक. मामा म्हणतो, सोनं मोडायचं नाही. काय करावं? आणि बचतीच्या चांगल्या सवयी कोणत्या?

सवयींचं नंतर बघू. प्रश्नातला मामा वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. माझ्या लेकाच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करते.

आम्ही अंबड तालुक्यातले. मोसंबीची दोनशे झाडं होती. 2012 चा पावसाळा कोरडा गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या जागी वाळल्या. शेजारच्यांनी झाडं तोडून सरपण केलं. आमच्या ह्यांच्यानं कुऱ्हाड चालवणं होईना. दोन बोअर घेतले, दोन्हीतून नुसता फुफाटा निघाला. मग टँकर सुरू केले. पीककर्ज आधीच थकलेलं, त्यामुळं बँकेत जायला तोंड नव्हतं. गावातल्याच एकाकडून 1,30,000 उचलले, शेकडा तीननं, कोऱ्या स्टॅम्पवर सही करून. मला हे कळलं आठ महिन्यांनी, तो माणूस ओट्यावर येऊन बसला तेव्हा.

शेकडा तीन ऐकायला हलकं वाटतं. महिन्याचे 3,900 होतात. मी तेव्हा ब्लाउज शिवायचे, एकाचे 60 रुपये. एका महिन्याचं व्याज म्हणजे 65 ब्लाउज. रात्री अकरापर्यंत मशीन चालवायची आणि पहिल्या तारखेला सगळं त्याच्या हातात द्यायचं, मुद्दल मात्र जिथल्या तिथं. असे पाच महिने काढले. सहाव्या महिन्यात डबा उघडला. लग्नात वडलांनी घातलेल्या पाटल्या आणि बोरमाळ, मिळून पाच तोळे. जालन्याच्या सराफ्यात घट जाऊन 1,28,000 हातात आले, वरचे दोन हजार शिलाईचे घातले. ह्यांच्याबरोबर मी स्वतः गेले. स्टॅम्प आधी हातात घेतला, मगच पैसे मोजले. घरी येऊन तो चुलीत घातला आणि त्याच चुलीवर भाकरी केल्या.

माझ्या थोरल्या भावाला हे आठवड्यात कळलं. "बापानं घातलेलं सोनं सासरच्या बोअरमध्ये घातलंस," म्हणाला. दोन वर्षं मला दिवाळीला न्यायला आला नाही. 2025 मध्ये तोळा लाखावर गेला, तेव्हा दादाचा मुद्दाम फोन: "बघ, आज पाच लाखाचं सोनं असतं तुझ्याकडं."

त्याला फोनवर जे नीट सांगता आलं नाही, ते इथं लिहिते. 1,30,000 वर वर्षाचं व्याज 46,800. बारा वर्षांचे 5,61,600, तेही व्याजावर व्याज न लावता, आणि वर 1,30,000 उभेच. म्हणजे सोनं जेवढं वाढलं, त्याहून जास्त ह्या कर्जानं खाल्लं असतं. शिवाय सोनं डब्यात गप्प पडून राहतं, व्याज दर महिन्याला दारात येतं. तो दर महिना दादानं काढला नाही, मी काढला. ज्याला हप्ता भरायचा नाही, त्याचा त्या सोन्यावर शब्दही चालायला नको. तुझ्या मामाला सरळ विचार: महिन्याचे 1,800 तुम्ही भरता का? हो म्हणाला तर ऐक त्याचं.

आता तुझा हिशोब. सावकाराला तू वर्षाला 36 टक्के देतोस आणि आरडीवर तुला सहा-सात टक्के मिळतात. ही बचत नाही, तू त्याच्याच पैशानं आरडी भरतोयस. आरडी मोड. थोडं व्याज कमी मिळेल, मिळू दे. मुद्दल तरी 28,000 आहे.

पण पाटल्या विकू नको. इथं माझंही चुकलं होतं. सोनं बँकेत तारण ठेवता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि घरात कुणी बोललं नाही. आमचं खातं थकलेलं होतं, बँकेनं दिलं असतं की नाही कोण जाणे, पण विचारायला तरी हवं होतं. दादा "मोडू नको, तारण ठेव" म्हणाला असता तर मी ऐकलं असतं. तो फक्त "मोडू नको" म्हणाला.

तुझं असं कर. आरडीतले 5,000 बाजूला ठेव, दवाखाना निघाला तर परत त्याच ओट्यावर जायची पाळी नको. उरलेले 23,000 सावकाराला. राहिले 37,000, तेवढ्यापुरतं सोनेतारण. दर बँकेगणिक वेगळा असतो, वर्षाला 9 टक्के धरला तर महिन्याला 280 च्या आत व्याज. आज तू व्याज आणि आरडी मिळून 3,800 काढतोसच. तेवढेच दर महिन्याला तारण कर्जात भर, साधारण अकरा महिन्यांत पाटल्या आईच्या हातात परत. अधेमधे पैसे भरू देतात का, हे कर्ज घेण्याआधी विचार, आणि मुदत चुकवू नको, नाहीतर लिलावाची नोटीस येते.

तुझा सावकार परवान्याचा आहे का तेही बघ. 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवाना असलेल्यालाही शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्के, आणि बाकीच्यांकडून 15 आणि 18 टक्के एवढंच घेता येतं. 36 कुणालाच नाही. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडं करता येते. गावात राहून तक्रार करणं किती अवघड असतं हे मला ठाऊक आहे, म्हणून करच असं म्हणत नाही. पण त्याच्यासमोर बसताना हा आकडा डोक्यात असू दे.

सवयी विचारल्यास. रोज रात्री वहीत खर्च लिही, चहासुद्धा. फोन हप्त्यावर घेऊ नको. किराण्याची उधारी पगाराच्या दिवशीच मिटव. बाजाराला मोजक्या नोटा घेऊन जा, फोननं पैसे दिले की गेलेले दिसत नाहीत. आईला बचत गटात घाल. गटातलं कर्ज शेकडा दोननं असलं तर तेही वर्षाला 24 टक्केच पडतं, पण ते व्याज गटातल्या बायकांकडंच राहतं. एक कर्ज फेडायला दुसऱ्या फायनान्सवाल्याकडं मात्र जाऊ नको, आमच्या गल्लीत तीन घरं त्यात अडकलीत.

आणि सावकाराकडं एकटा जाऊ नको, आईला बरोबर घे. 37,000 मोजून देण्याआधी सही केलेला कागद मागून घे. तो म्हणेल, "घरात शोधावा लागेल, उद्या देतो." मग पैसेही उद्याच दे.