माझ्या किशोर-कादंबरीतला दत्तक युवराज शेवटी मूळचाच राजवंशाचा निघाला, तर चालेल का? आणि जादूचे नियम कसे ठरवू?

नाही चालणार. दरबारी त्याला मानत नाहीत म्हणून तो जादूची तलवार शोधायला निघतो, इथपर्यंत झकास. पण तलवार उजळली ती राजरक्त ओळखून, असं दाखवलंत की दरबाऱ्यांचंच खरं होतं!

मी स्वतः दत्तक आहे, त्यामुळे प्रश्न जरा लागला. आमच्या काकूंची ही लाडकी कल्पना. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "कुणा मोठ्या घरचं रक्त असणार हो!" बाबा शेजारीच पुडा धरून उभे. बाबा एसटीत कंडक्टर. पहाटे पहिल्या गाडीवर जायच्या आधी खाकी शर्टाची बटणं लावता लावता माझ्याकडून पायथागोरस म्हणून घ्यायचे, अडलो की "चित्र काढ आधी" म्हणायचे. श्रेय गेलं कुठल्याशा अनोळखी घराण्याला. बारावीत गणित राहिलं तेव्हा त्याच काकू म्हणाल्या, "शेवटी रक्त कुणाचं, काय सांगावं." म्हणजे पास झालो तरी रक्त, नापास झालो तरी रक्त. बाबांची कुठे गणतीच नाही.

खरे दत्तक वारस बघा ना. बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८७५ मध्ये आधीच्या राजांच्या विधवा जमनाबाईंनी गादीसाठी दत्तक घेतला तो नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ. शेतकऱ्याचं पोर, वय बारा, अक्षरओळख नाही. तोच सयाजीराव. १८८१च्या डिसेंबरात कारभार हाती येईपर्यंतची शिकवणीची वर्षं हीच त्याची मोहीम, आणि १९०६ मध्ये त्याने संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. गादीच नाकारलेला वारस हवा असेल तर झाशीचे दामोदरराव आहेत. दत्तकविधान झालं, दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव गेले आणि इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला. १८५८ मध्ये राणी पडल्यावर ते पोर मोजक्या विश्वासू माणसांबरोबर रानोमाळ भटकलं, शेवटी इंदूरला पेन्शनवर राहिलं. या प्रवासापुढे तुमची तलवार फिकी आहे.

आता काकू म्हणतील, कवळाण्याचे तेही गायकवाडच की! खरंय, दत्तक बहुतेक वेळा भावकीतलाच शोधत. झाशीतही तसंच. पण बडोद्याला गोपाळबरोबर त्याचे दोन भाऊही आणले होते. रक्त तिघांचं एकच, मग निवड कशाला करावी लागली?

जन्मदात्यांना शोधावंसं वाटणं वेगळं, ते नायकाला जरूर करू द्या. भेटले तर साधी माणसं निघू देत. जादूच्या नियमांचं मला काही कळत नाही, ते दुसऱ्या कुणी सांगावं. पुस्तक छापून आलं की एक प्रत काकूंना पाठवा, पत्ता मी देतो.