बूमर ८एन घ्यावा का? रेट्रो ट्रॅक्टरबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शहर सोडून ११ एकर घेतलेत, त्यातलं चारेक एकर गवत आणि बाकी झाडी. बायकोच्या आजोबांकडे फोर्डचा जुना ८एन ट्रॅक्टर होता, तिचं अर्धं बालपण त्याच्या मडगार्डवर बसून गेलं. आता न्यू हॉलंडचा बूमर ८एन सेकंडहँड विकायला आलाय आणि दोघंही त्याच्या प्रेमात पडलायत. तुम्ही विचारलंय, "हा आमच्यासारख्यांसाठीच काढलेला वाटतो, घेऊ का?"

ट्रॅक्टर चांगला आहे. पण ज्या कारणानं तो तुम्हाला आवडलाय, त्या कारणानं घेऊ नका. दुसऱ्या कारणानं जरूर घ्या. हे जरा विचित्र वाटेल, म्हणून लांबण लावतो.

आधी मूळ ८एन. १९३८ साली हॅरी फर्ग्युसन हा आयरिश यंत्रज्ञ आपला ट्रॅक्टर घेऊन डिअरबॉर्नला हेन्री फोर्डकडे गेला. ट्रॅक्टर आणि मागचं अवजार ही दोन वेगळी यंत्रं न राहता एकच व्हावीत, ही त्याची कल्पना. खालचे दोन हात, वर टॉप लिंक म्हणजे तिसरा जोडदांडा, आणि उचलायला हायड्रॉलिक. आज जगभर जे थ्री पॉइंट लिंकेज दिसतं ते हेच. दोघांनी हातात हात दिला, कागदावर काहीच नाही. १९३९ मध्ये दोघांचा ९एन ट्रॅक्टर आला. पुढे म्हाताऱ्या फोर्डचा नातू गादीवर बसला, त्यानं तो तोंडी करार मोडला आणि १९४७ मध्ये ८एन बाजारात आणला. फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. तोवर ८एन पाच लाखांच्या वर विकले गेले होते. म्हणून तर अमेरिकेत गावाकडच्या कुठल्याही जुन्या शेडचं दार उघडलं की करड्या बोनेटखालचं ते लाल पोट दिसतं.

माझ्याकडे १९४९ चा एक आहे. थंडीत सकाळी चालू करायचा म्हणजे पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा आणि गिअरच्या दांड्याशेजारचं बटण अंगठ्यानं दाबायचं. न्यूट्रलला नसेल तर ते बटण दबतच नाही. ६ व्होल्टची बॅटरी कण्हत कण्हत इंजिन फिरवते, आता बंद पडणार असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच ते पकडतं. समोर तेलाच्या दाबाचा काटा आणि अ‍ॅमीटर, बघायला एवढंच. इग्निशनचे पॉइंट घासायचे, प्लग बदलायचे, कार्ब्युरेटर उघडून फुंकायचा. चार पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर असला की निम्मी दुरुस्ती घरच्या घरी होते, आणि सुटे भाग अजूनही नवे मिळतात. लोकांचा ८एनवर जीव आहे तो यासाठी. तो देखणा आहे हे आपल्याला नंतर कळलं.

आता बूमर ८एन. २००९ मध्ये न्यू हॉलंडनं तो आणला. लाल-करडा रंग, गोल चेहरा, जुन्या धाटणीचे दिवे. आत मात्र ५० एचपीचं डिझेल इंजिन आणि ईझीड्राइव्ह नावाचा सीव्हीटी, म्हणजे गिअर न बदलता वेग सलग कमी-जास्त करणारा गिअरबॉक्स. मूळ ८एनच्या साधारण दुप्पट ताकद. बूमर ही मालिका आधीपासून होती, तिच्याच एका ट्रॅक्टरला हा जुना पोशाख चढवला. नाकावर नाव मात्र न्यू हॉलंडचं. फोर्डनं आपला ट्रॅक्टरचा धंदा १९९१ मध्ये फियाटकडे दिला, त्यानंतर काही वर्षांत ट्रॅक्टरवरून ते नावही गेलं. म्हणजे आठवण फोर्डची, आकडा फोर्डचा आणि पाटी दुसऱ्याची. ज्यांना ८एन पाठ आहे त्यांना हे पहिल्या नजरेत खटकतं. तुमच्या सौभाग्यवतींना विचारा, खटकलं नसेल तर मी शब्द मागे घेतो.

हा ट्रॅक्टर काढला कुणासाठी, ते उघड आहे. आजोबांच्या ट्रॅक्टरवर बसून वाढलेली, नोकरी करून चार पैसे गाठीला बांधलेली आणि निवृत्तीच्या आसपास थोडी जमीन घेतलेली पिढी. पण या माणसाला हवं काय असतं? एक तर खरा ८एन, आणि तो सेकंडहँडमध्ये सहज मिळतो. नाही तर कामाचा ट्रॅक्टर, आणि तो निळ्या रंगात त्याच कंपनीकडे होता. जुन्या चेहऱ्याचा नवा ट्रॅक्टर या दोघांच्या मधोमध उभा राहतो. जुन्या ८एनच्या मालकाला बोनेट उघडून हात काळे करायचे असतात. इथे बोनेट उघडून तो बघत राहतो, कारण सीव्हीटीत पान्यानं करण्यासारखं काही नसतं. मोटरसायकलला हा खेळ जमतो. क्लासिक बुलेटवर माणूस बसतोच मुळी दिसण्यासाठी आणि आवाजासाठी. ट्रॅक्टर गोठ्यामागे चिखलात उभा असतो, त्याला बघतंय कोण?

आता उलटी बाजू. जुन्या ८एनच्या आठवणी ज्यांना नाहीत, म्हणजे तुम्ही स्वतः, त्यांच्यासाठी हा ट्रॅक्टर उत्तम आहे. तुमच्या कामाची यादी बघा: गवत कापणं, रस्त्यावरचं खडीकाम, बर्फ हटवणं, पडलेली झाडं ओढणं, कधीतरी रोटाव्हेटर. यातल्या जवळजवळ प्रत्येक कामात मूळ ८एन अडतो, आणि त्यातली एक अडचण तर जिवावरची आहे.

८एनचा पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला इंजिनाची ताकद देणारा फिरता दांडा, गिअरबॉक्समधून चालतो. क्लच दाबला की चाकं आणि पीटीओ दोन्ही इंजिनापासून सुटतात. मागे जड पात्यांचा मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, फिरत असेल तर त्या पात्यांची गती उलटी गिअरबॉक्समध्ये शिरते आणि क्लच दाबलेला असताना ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. कुंपण समोर आलंय, तुम्ही क्लच पूर्ण दाबलाय आणि ट्रॅक्टर थांबत नाही. यावर उपाय म्हणजे ओव्हररनिंग कपलर, पीटीओच्या शाफ्टवर बसणारा एक छोटा भाग. एका दिशेनं ताकद जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. जुना ८एन कुणी घेतलाच तर मोअर जोडण्याआधी हा बसवायचा, यात चालढकल नको. तो घेताना शाफ्टचा व्यासही मोजा. ८एनचा मूळ शाफ्ट सहसा १ १/८ इंच असतो, आजची अवजारं १ ३/८ ची येतात.

दुसरं, वेग. ८एनला चार गिअर, आणि पहिलाही रोटाव्हेटरसाठी किंवा बर्फ उडवायच्या यंत्रासाठी पळतो म्हणावा इतका जलद. वेग कमी करायला इंजिन हळू करावं तर पीटीओही हळू. आणि थांबायला क्लच दाबावा तर पीटीओ बंद. बूमरवर हा प्रश्नच येत नाही. इंजिन पीटीओच्या गतीला ठेवायचं आणि पायानं वेग हवा तेवढा खाली आणायचा, अगदी मुंगीच्या पावलानं. शेजाऱ्याकडे एक बूमर ८एन आहे. त्यावर दुपारभर गवत कापलं तेव्हा तासाभरात मी चेहराबिहरा विसरून गेलो होतो. दाट गवत आलं की वेग कमी, विरळ आलं की जास्त, डावा पाय रिकामाच. हे सुख माझ्या १९४९ च्या म्हाताऱ्याला माहीत नाही.

तिसरं, उलटणं. ८एनच्या काळात, ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी मागची लोखंडी कमान नव्हती. पुढचा भाग हलका, आणि झाडाचा ओंडका टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओढला की पुढची चाकं उचलतात. पुढचं सगळं सेकंदा-दोन सेकंदात घडतं. ओढायचं ते नेहमी खाली, ड्रॉबारला म्हणजे मागच्या खालच्या दांड्यालाच बांधून. अमेरिकेत साधारण १९८५ पासून २० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना ही कमान कंपनीकडूनच येऊ लागली. बूमरला ती आहे. मिरवणुकीत जुन्यासारखा दिसावा म्हणून ती काढून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. तुम्ही ते करू नका. आणि कमान उभी असेल तरच सीटचा पट्टा लावायचा, दुमडलेली असेल तर नाही.

चेहऱ्याचं शेवटी काय होतं तेही सांगतो. ११ एकरवर लोडरशिवाय, म्हणजे समोरच्या उचलत्या बकेटशिवाय, भागत नाही. लोडर बसवला की रेडिएटरच्या जाळीला फांद्या लागू नयेत म्हणून समोर जाड पट्ट्यांचा गार्ड येतो. शेजाऱ्याच्या शेडमध्ये तो ट्रॅक्टर समोरून बघितला: गार्डच्या आडव्या पट्ट्या, खाली बकेट, दोन्ही बाजूंना लोडरचे हात. ज्या गोल चेहऱ्यासाठी त्यानं पैसे मोजले, तो सर्व्हिसिंगला लोडर काढल्यावरच दिसतो.

आणि तो गार्ड काढूही नका, कारण ट्रॅक्टरच्या या भागालाच जपावं लागतं. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक हे मालिकेतल्या भावंडांशी मिळतंजुळतं, पण बोनेट, जाळी, दिव्यांभोवतीचे भाग फक्त याच मॉडेलचे. हा ट्रॅक्टर थोडीच वर्षं निघाला आणि बंद झाला. माझ्या साध्या ट्रॅक्टरची जाळी फांदीनं फुटली तेव्हा दोन दिवसांत दुसरी आली. बूमर ८एनची तशी येईल यावर विसंबू नका. बघायला जाल तेव्हा बोनेटला तडे, बिजागऱ्या आणि दिव्यांची कड आधी तपासा, मग इंजिन.

सीव्हीटीची परीक्षा गरम झाल्यावर. विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधी ट्रॅक्टर तापवून ठेवला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, थंड असताना चालू करा, मग अर्धा तास लोडरनं खडी उचलायला लावा. चढावर थांबून पुन्हा निघा. झटका, घसरण, किंवा वेग आपोआप बदलणं जाणवलं तर किंमत कितीही पाडली तरी नको, कारण तो गिअरबॉक्स उघडणं तुमच्या-माझ्या हातचं काम नाही. तेल कधी बदललं, कुठलं घातलं, याची पावती मागा. आणि जवळचा डीलर हा गिअरबॉक्स दुरुस्त करतो का, हे पैसे देण्याआधी फोन करून विचारा.

एक मुद्दा बूमरच्या बाजूचा, जो जाहिरातीत कुणी लिहिणार नाही. २०१३ पासून २५ ते ७५ एचपीच्या डिझेल ट्रॅक्टरना धुराचे नियम फारच कडक झाले आणि या गटातल्या बहुतेकांच्या सायलेन्सरमध्ये काजळी जाळणारा फिल्टर आला. कमी वेळ, कमी लोडवर चालवणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना तो फिल्टर डोकेदुखी. हा ट्रॅक्टर त्या नियमाच्या आधीचा आहे.

तेव्हा किंमत त्याच वयाच्या, त्याच ताकदीच्या निळ्या बूमरएवढी असेल तर बिनधास्त घ्या. रंगाचे आणि आकड्याचे वेगळे पैसे मागत असेल तर निळा शोधा, आणि वाचलेले पैसे बाजूला ठेवा. आजोबांचा ट्रॅक्टर पुढे कुणाकडे गेला, ते बायकोला माहेरी फोन करून विचारायला सांगा. असे ट्रॅक्टर सहसा भंगारात जात नाहीत, दोन घरं पलीकडे ताडपत्रीखाली असतात. सापडला तर ओव्हररनिंग कपलरचं विसरू नका.