आधी त्या आईला भेटा

पत्र : माझी मुलगी चौथीत आहे, मी वर्गाची पालक-प्रतिनिधी. गॅदरिंगच्या कोळीनृत्याची यादी मी केली. आरटीईतून, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलींना मी समूहगीतात घातलं. पोशाखाचं भाडं त्यांच्या घरच्यांना झेपणार नाही, असं वाटलं. पालकसभेत त्यांतल्या एकीची आई उठून म्हणाली, "आम्हाला विचारलं का कुणी?" आता मुख्याध्यापिकांनी भेदभाव या विषयावर पालक-शिक्षकांची बैठक ठेवली आहे. मी आजवर कुणाची जात विचारलेली नाही. फार मनाला लागलंय. जाऊ की राजीनामा देऊ?

ताई, राजीनामा देऊ नका. बैठकीला जा. पण त्याआधी त्या आईला भेटा.

तुम्हाला वाईट वाटलं हे समजतं, पण सध्या त्या मुलीचं काय हे जास्त महत्त्वाचं आहे. वर्गातल्या मैत्रिणी तालमीला जातात आणि तिचं नाव यादीत नाही. तुमचा हेतू तिला कसा कळणार? वगळल्याचं मात्र तिला बरोबर कळतं.

तुम्हाला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिचा प्रवेश २५ टक्क्यांतून झाला. त्यावरून तुम्ही घरची ऐपत ठरवलीत आणि ऐपतीवरून हौसही. मुळात आरटीई म्हणजे गरीब, हेही खरं नाही. आपल्याकडे १ लाखाची उत्पन्नमर्यादा दुर्बल घटकासाठी आहे. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग अशा वंचित गटातल्या मुलांना उत्पन्नाची अटच नाही. म्हणून "मी जात विचारली नाही" यावर फार विसंबू नका. "आरटीईची मुलं" म्हणताना पुष्कळदा न विचारताच जात गृहीत धरलेली असते.

आणखी एक. शिक्षणहक्क कायदा २००९चा, त्याचे केंद्राचे नियम २०१०चे. या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, एवढ्यावर ते नियम थांबत नाहीत. खेळ आणि अभ्यासेतर उपक्रमांतही भेदभाव नको, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. गॅदरिंग त्यातच आलं. म्हणजे त्या आईने मेहेरबानी मागितली नव्हती. भरल्या सभेत एकटीने उठून तेवढं बोलायला किती बळ लागलं असेल! मला तिचा फार आदर वाटतो.

भेटाल तेव्हा "तुमचा गैरसमज झाला" असं चुकूनही म्हणू नका. "मी न विचारता ठरवलं, ते चुकलं. तिला नाचायचंय का?" इतकंच पुरे. त्या रागावल्या तर ऐकून घ्या, माफ करा म्हणून मागे लागू नका. मुलगी म्हणाली, मला गाणंच आवडतं, तर गाऊ द्या. बाकीच्या मुलींच्या घरीही असंच विचारा आणि यादी बदला.

बैठकीत आपली बाजू मांडत बसू नका. तिथे तुमच्या चांगुलपणाचा निवाडा व्हायचा नाहीये. त्या आईलाही "तुमचा अनुभव सांगा" म्हणून उभं करू नका. सांगायचं असेल तर त्या सांगतील. तुम्ही एक ठोस गोष्ट मांडा : भाग घ्यायचा का, पोशाखाला शाळेची मदत हवी का, अशी चिठ्ठी वर्गातल्या प्रत्येक घरी जावी, उत्तर फक्त वर्गशिक्षिकांना कळावं. पूर्ण फी भरणाऱ्या घरांतही एखाद्याचा हात आखडलेला असतो, तेही मोकळे होतील. शिक्षकांनी मुलांसमोर "आरटीईवाले" म्हणणं बंद करावं, हेही तुम्हीच सुचवा. प्रतिनिधीने म्हटलं की इतरांना बोलायला सोपं जातं.

तुमच्या लेकीला यातलं काही कळलं असेलच. शाळेत असल्या गोष्टी लपत नाहीत. तिने विचारलं तर "मोठ्यांचं आहे" म्हणून टाळू नका. यादी कुणी केली, काय चुकलं आणि आता कशी बदलली, ते तिला तुम्हीच सांगा.